आधीच्या ताई

शाहीन, तू गेल्यापासून आपल्या रेडिओ केंद्राचा फोन थांबत नाही. लोक रडतात. बायका तर बोलतच नाहीत, नुसतं नाक ओढल्याचं ऐकू येतं, आणि मग दुसरंच कुणीतरी त्यांच्या हातातून फोन घेऊन म्हणतं, "आमच्या आईला लई लागलंय हो." सगळ्यांना त्यांची सकाळची ताई गेल्याचं दुःख आहे आणि त्यातल्या एकालाही तुझं नाव माहीत नाही. ही करामत माझी. तू गेल्याची बातमी मीच वाचली आणि त्यात तुझं नाव घातलं नाही. "आपल्या लाडक्या ताई आता आपल्यात नाहीत," एवढंच वाचलं. वाचताना आवाज कापला, म्हणून कुणीतरी पाणी आणून दिलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बाई, आवाज कापला ते ठीक, पण गेलं कोण ते सांगायचं राहिलं की."

तू मला पहिल्या दिवसापासून 'बाई' म्हणत आलीस. शाळेतून निवृत्त होऊन मी केंद्राचे कार्यक्रम बघायला लागले त्याला तेव्हा काही वर्षं झाली होती, पण नगरमध्ये एकदा बाई झालेली बाई शेवटपर्यंत बाईच राहते. तुझ्या तोंडी ते 'बाई' कधी आदराचं असायचं, कधी टोमण्याचं, आणि पुष्कळदा नुसतं माझं बोलणं मध्येच तोडण्यासाठी. समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचं नाही हा तुझा मोठा दुर्गुण होता. रेकॉर्डिंगच्या आधी मूठभर शेंगदाणे खायचे हा दुसरा. घशाला तेल मिळतं, असं तुझं शास्त्र. माइकच्या टेबलावरची दाण्यांची फोलपटं मी कितीदा पुसली असतील, आणि प्रत्येक वेळी तुला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने पुटपुटत पुसली.

निवेदकांनी नाव सांगायचं नाही हा नियमही माझाच. आपल्याकडे आडनाव कळलं की लोकांना जात कळते, गाव कळलं की सोयरेधायरे कळतात, आणि मग बातमी राहते बाजूला. म्हणून सगळ्या बायका 'ताई', सगळे पुरुष 'दादा'. मला या नियमाचा फार अभिमान होता. निवेदक निवडतानाही मी आवाज नावाशिवाय ऐकायचे. तुझा ऐकला तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "हिचे स्वर बघा, निवडून ठेवलेल्या तांदळासारखे. एक खडा सापडायचा नाही." नंतर नाव कळलं. शाहीन शेख, माहेर काष्टी, सासर नगर. मी म्हटलं, बरं. आणि त्या वेळी मनात खरंच दुसरं काही आलं नाही. हे मी माझ्या बाजूने सांगत नाही. पुढे जे झालं ते आहे तितकं वाईट दिसावं म्हणून सांगते.

सकाळी सातच्या कार्यक्रमात तू बसलीस आणि तो कार्यक्रम तुझाच झाला. लाल कांद्याचा भाव, गावरान कांद्याचा भाव, ढगाळ हवा, पातीवरचा करपा रोग, कोणतं औषध कशात मिसळायचं नाही. लोक धारा काढताना तुला ऐकायचे. एकदा तू सर्दीने दोन दिवस आली नाहीस तर एका आजीने आल्याचा तुकडा आणि गवती चहा पिशवीत घालून केंद्रावर पाठवला होता, वर चिठ्ठी नाही, नाव नाही, फक्त "ताईला द्या" असा निरोप. तू तो चहा सगळ्यांना पाजलास आणि मला म्हणालीस, "बाई, सासरीसुद्धा माझ्या सर्दीची इतकी दखल घेत नाहीत."

मग आपल्या केंद्राचा वर्धापनदिन आला. देणगीदारांना चेहरे बघायचे होते, म्हणून मी माझाच नियम गुंडाळून ठेवला आणि फाटकाजवळ मोठा फ्लेक्स लावला. त्यावर सगळ्यांचे फोटो, खाली पूर्ण नावं. तू डोक्यावरून ओढणी घेऊन हसत होतीस. गावोगावचे श्रोते आले, पिठलं-भाकरी जेवले, फ्लेक्ससमोर उभं राहून फोटो काढून गेले. 'शाहीन शेख, सकाळचा कार्यक्रम' हे त्यांनी वाचलं आणि त्यातून एवढाच अर्थ काढला की सकाळला आता नवीन बाई आल्या.

पहिला फोन आला तेव्हा तू समोरच बसली होतीस. मी स्पीकर चालू ठेवला होता. "बाई, त्या आदीच्या ताई कुठं गेल्या? त्या लई ग्वाड बोलायच्या. ह्या नव्या मॅडमचं बोलनं जरा निराळं वाटतंय. तिकडचं." तू भुवया वर केल्यास आणि पुढे वाकून म्हणालीस, "काका, मी तीच आहे." तो माणूस हसला. "न्हाई हो मॅडम, त्या येगळ्या. रोज ऐकतोय मी, मला आवाज कळत न्हाई व्हय?" फोन ठेवल्यावर आपण दोघी पोट धरून हसलो. तू त्याची नक्कल इतकी हुबेहूब केलीस की मला ठसका लागला.

पुढच्या आठवड्यात तसेच आणखी फोन आले. आता आपण तितक्या हसलो नाही. त्यात रागाने बोलणारं कुणी नव्हतं, हे तुलाही मान्य होतं. उलट सगळे काकुळतीला आलेले. आधीच्या ताईंना कुणी काढून तर नाही ना टाकलं, त्यांच्या घरी सगळं बरं आहे ना, असं विचारायचे. एका बाईने तर तुलाच विचारलं, की त्यांचा नंबर असला तर द्या. तुझ्या आवाजावर प्रेम करणारी माणसं तुझ्याच आवाजात तुला शोधत होती.

आणि मग, शाहीन, मलाही ऐकू यायला लागलं.

तुझं नाव मला सुरुवातीपासून माहीत होतं आणि इतकी वर्षं मला काही ऐकू आलं नव्हतं. पण चार माणसांनी बोट दाखवलं आणि माझा कान तिथंच जाऊन बसला. 'कांदा' म्हणताना तुझा 'आ' जरा जास्त पसरतो. 'पाऊस'मधला 'ऊ' ओठांवर रेंगाळतो. 'मोसम'चा 'ओ' गोल होतो. एकदा ऐकू आलं की मग दुसरं काही ऐकूच येईना. तू भाव सांगायचीस आणि मी भाव सोडून स्वर मोजत बसायची. घरी भाजी चिरतानाही रेडिओ लावून ठेवायची आणि प्रत्येक 'आ'ला मान हलवायची, जशी शाळेत चुकीचं वाचणाऱ्या पोरासमोर हलवायची.

मी तुला शिकवायला बसले. तीस वर्षं मुलांकडून शुद्ध उच्चार घोटून घेतलेली बाई मी, मला त्यात वावगं वाटलं नाही. "कांदा म्हण." तू म्हणायचीस. "पुन्हा. इतका पसरवू नकोस." तू पुन्हा म्हणायचीस. तुझा तो मोकळा आवाज महिनाभरात खळ घातलेल्या साडीसारखा ताठ झाला. शेंगदाणे खाणंही तू बंद केलंस, न सांगता. एकदा तू फार शांतपणे म्हणालीस, "बाई, मी कुठं चुकते ते मला ऐकू येत नाही. काष्टीत सगळे असंच बोलतात." मी म्हणाले, "काष्टीचं बोलणं मला ठाऊक आहे. हे ते नव्हे." काष्टीला मी आयुष्यात एकदा गेले होते, तेही कुणाच्या तरी लग्नाला, आणि जेवून लगेच निघाले होते.

त्यानंतरची ती दुपार. तू कानाला लावायचे मोठे हेडफोन माझ्यापुढे ठेवलेस आणि म्हणालीस, पुण्याहून एका मुलीचा आवाज आलाय, ऐकून बघा. मी डोळे मिटून ऐकलं. छान होता. मी तुला समजावून सांगितलं, "बघ, हा 'आ' कसा आटोपशीर आहे. एवढंच तर मी तुला सांगत होते." तू मान डोलावलीस. "आता माझा ऐका," म्हणालीस. मी ऐकला आणि म्हटलं, "हा बघ, इथं पसरला." तू कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवलास. दोन्ही वेळा एकच फाईल वाजली होती. तुझीच, सकाळचीच.

मी चिडले. चिडले म्हणजे चांगली तडकले. तू माझी परीक्षा घेतेस का, असं विचारलं. तू म्हणालीस, "परीक्षा नाही बाई. मला खरंच कळून घ्यायचं होतं, दुरुस्त करण्यासारखं माझ्याकडे काही आहे का ते."

"मी खोटं बोलले नाही. मला फरक ऐकू आला."

"माहीत आहे," तू म्हणालीस. "तुम्ही खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. खोट्याला उत्तर देता येतं. तुम्हाला खरंच ऐकू येतं, त्याला मी काय करू?"

मी तुझ्याशी काही दिवस कामापुरतंच बोलले. अबोला तूच मोडलास, आणि तोही स्वतःवर घेऊन. पाथर्डीकडून एक कृषी अधिकारी मुलाखतीला येऊन गेल्या होत्या. तू म्हणालीस, "खरं सांगू? त्यांनी तोंड उघडायच्या आधीच मला त्यांचं बोलणं बीडकडचं वाटायला लागलं होतं. प्रश्नसुद्धा मी सावकाश, सोपे करून विचारले. मग कळलं, त्या जन्मापासून सावेडीत राहतात, तुमच्या शेजारच्या गल्लीत. कान एकटा ऐकत नाही बाई. त्याला आधी कुणीतरी सांगून ठेवतं, काय ऐकायचं ते. माझंही तसंच आहे." तुझं हे मोठेपण मला त्या वेळी आवडलं नाही. आपण दोघी सारख्याच असं तू म्हणत होतीस, आणि ते खरं नव्हतं. त्या बाईंना तू स्वर सुधारायला बसवलं नव्हतंस.

तरी वाद संपला नाहीच. मी म्हणायची, हेल असतोच, सगळाच काही मनाचा खेळ नसतो, बोलण्यावरून माणसाचं गाव कळतं हे कोण नाकारेल? तू म्हणायचीस, "असतोच की. तुमचाही आहे. फक्त तुमचा कुणी मोजत नाही." यावर एक उत्तर मी तयार करून ठेवलं होतं, चांगलं मुद्देसूद. योग्य वेळ बघून देणार होते. आता ते मलाच धड आठवत नाही, आणि जेवढं आठवतं तेवढं लंगडं वाटतं.

उपाय मात्र मी काढला. मला तो फार हुशारीचा वाटला होता. फ्लेक्स उतरवला. तुला आठवडाभर रजा दिली. आणि मग एका सकाळी मीच सांगितलं, "श्रोतेहो, तुमच्या आवडत्या ताई रजेवरून परत आल्या आहेत." तू माइकपुढे बसलीस आणि, मी आधी बजावलं होतं तसं, अगदी पूर्वीसारखी बोललीस. स्वर मुद्दाम न आवळता, मोकळं, काष्टीचं. फोनवर फोन. "आता कसं ग्वाड वाटतंय." "आलात व्हय ताई, लई दिस वाट बघायला लावली." तो पहिला फोनवाला काकासुद्धा म्हणाला, "मी म्हनत नव्हतो? आवाज कळतो मला." आपण पुन्हा पोट धरून हसलो. तुझ्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत तू हसलीस. मी पेढे मागवले.

पेढा हातात धरून तू विचारलंस, "आणि ती शाहीन शेख कुठं गेली म्हणून कुणी विचारलं का हो?"

कुणीच विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "अगं जाऊ दे, काम झालं ना." तू पेढा खाल्लास. त्या प्रश्नावर मी थांबले असते तर बरं झालं असतं, पण मला समोरच्या फोनची घाई होती.

त्यानंतर तू मला एकच गोष्ट मागितलीस. पगारवाढ नाही, रजा नाही. "एकदा मला माझ्या तोंडाने सांगू द्या. मी शाहीन शेख, काष्टीची. आधीची ताई मीच आणि मधली पण मीच. तक्रार नाही करायची, कुणाला लाजवायचं नाही. हसत हसत सांगेन. मग कांद्याचा भाव सांगेन." मी म्हटलं, सांगू, पण जरा थांब. कांद्याचा हंगाम जाऊ दे. मग म्हटलं, निवडणूक जाऊ दे. मग म्हटलं, सध्या वातावरण बरं नाही, उगाच तुलाच त्रास होईल. माझ्या प्रत्येक कारणात तुझी काळजी होती, निदान मी तरी तसं मांडत होते. तू दर वेळी "बरं बाई" म्हणायचीस. समोरच्याचं वाक्य मध्येच तोडणारी तू, पण या एका विषयावर माझी सगळी वाक्यं शेवटपर्यंत ऐकून घेतलीस.

मला भीती कशाची होती ते आता सांगते. लोक चिडतील ही नव्हती. लोकांना कळलं तर ते विचारतील, बाई, आवाज तोच आहे हे तुम्हाला तरी कसं ऐकू आलं नाही, ही होती.

आणि आता जे सांगायचं आहे ते मी तुझ्या नवऱ्याला, सलीमभाईंनाही सांगितलेलं नाही. तापात असताना तू मला मोबाईलवर आवाजी निरोप पाठवलास. "बाई, ताप उतरत नाही. उद्याचं तेवढं कुणाकडून तरी वाचून घ्या. आणि फवारणीचं नीट सांगा म्हणावं, वारं असलं तर करू नका." तापाने तुझं बोलणं सैल पडलं होतं. निरोप ऐकताना माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? हाच तो 'आ'. बघा, मी म्हणत होते ना. आजारी असल्यावर कसा उघडा पडला. मी तो निरोप पुन्हा लावला, शाहीन, आणि पुन्हाही त्यासाठीच लावला. मग "आराम कर, काळजी करू नकोस" असं टाइप केलं आणि कुकर लावायला गेले.

तू गेल्यावर तो निरोप मी परत ऐकला. त्यात तुला धाप लागते आहे. दर दोन शब्दांनंतर. 'वारं असलं तर' म्हणताना तू थांबून श्वास ओढतेस. कुणीही शहाणी बाई ते ऐकून रिक्षा करून तुझ्या दारात उभी राहिली असती. सलीमभाई त्या दिवशी कामासाठी बाहेरगावी होते, हे मला माहीत होतं. डॉक्टर म्हणाले, एक दिवस आधी आणलं असतं तर. तो एक दिवस माझ्या मोबाईलमध्ये होता आणि मी त्यातले स्वर तपासत होते.

तुझ्या घरी मी गेले तेव्हा बायकांच्या गर्दीत कोपऱ्यात बसले आणि लवकर उठले. तुझी आई भिंतीला टेकून होती, तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. मी तिच्या हातावर हात ठेवला आणि निघाले. सरळ केंद्रावर येऊन ती बिननावाची बातमी लिहिली. म्हणजे तू गेल्यावरसुद्धा मी तुला थांबच म्हणाले.

परवा दुपारी वाळकीच्या पुढच्या एका वस्तीवरून दोघी जणी केंद्रावर आल्या. गयाबाई नावाची म्हातारी आणि तिची सून. टेम्पोत बसून आल्या होत्या. म्हातारीच्या हातात पिशवी, पिशवीत नारळ आणि चोळीचा खण. बसायच्या आधीच तिनं विचारलं, "बाई, ताईंचा दहावा कुठल्या घाटावर हाय? आमी वस्तीवरच्या धा-बारा बाया यायच्या म्हनतोय."

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, ते घरच्या घरी उरकलं म्हणून. ओठांपर्यंत आलं होतं. पण म्हातारी पदराने डोळे टिपत माझ्याकडे बघत होती आणि मला ते बोलवेना. मी म्हटलं, "गयाबाई, दहावा नाही. ताई मुसलमान होत्या. शाहीन शेख त्यांचं नाव. दफन झालं त्यांचं."

म्हातारी खुर्चीवर टेकली. मग सून हळूच म्हणाली, "तरीच. मला वाटायचं, त्यांचं बोलनं जरा निराळंच हाय."

म्हातारीनं तिच्याकडे वळून पाहिलं. "काय निराळं? परवा बातमी आयकून तू भाकरी करायची सोडून रडत बसली हुतीस. तवा न्हाई वाटलं निराळं?" सून खाली बघायला लागली. मला तिची दया आली, कारण तिनं माझ्यापेक्षा काही वेगळं केलं नव्हतं. नाव कळल्यावर तिला क्षणभर लागला, मला काही वर्षं, एवढाच फरक.

मग म्हातारी माझ्याकडे वळली. "मातीला आमाला का न्हाई कळवलं बाई? मुसलमान असू द्या न्हाईतर कोनी असू द्या, मातीला मानूस लागतं. आमी आलो असतो की."

"मला वाटलं…"

"तुमाला काय वाटलं?"

ती रागाने विचारत नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं.  ती उठली, पिशवी उचलली आणि म्हणाली, "चला, घर तरी दावा."

मी दोघींना तुझ्या घरी घेऊन गेले. सलीमभाईंनी दार उघडलं. या दहाव्याला यायच्या म्हणत होत्या, असं मी सांगितलं तर ते म्हणाले, "दहावा आमच्यात नसतो मावशी, चाळीसाव्याला या." ती म्हणाली, "येऊ की. सगळ्या येऊ." सून उंबऱ्याशी घुटमळत होती, तर म्हातारीनं तिला हाताला धरून आत नेलं. पडदा सरकवून त्या तुझ्या आईकडे गेल्या. मला आत जायचं धैर्य झालं नाही. मी बाहेरच्या खोलीत सलीमभाईंसमोर बसले, त्यांनी दिलेलं पाणी हातात धरून.

आतून बोलणं ऐकू यायला लागलं. सुरुवातीला रडणं, मग तुटक तुटक शब्द, मग दोघी म्हाताऱ्या बोलतच सुटल्या. "लई गुनाची पोर हुती." "व्हय बाई, कधी कुनाला उलटून न्हाई बोलली." "माझ्या नातवाला तिचाच आवाज लागायचा सकाळी." "जेवायची न्हाई, नुसतं शेंगदानं खायची." "आता कुनाच्या तोंडाकडं बगायचं?" मी कान देऊन ऐकत होते, तू मला ओळखतेस, ती खोड जायची नाही. सगळं आयुष्य स्वर पारखण्यात घालवलेली मी. पण पडद्याआड कोणती तुझी आई आणि कोणती वाळकीची गयाबाई, ते मला सांगता येईना. तेच 'आ', तेच 'ऊ'. शेंगदाण्यांची गोष्ट आली तेव्हा कळलं, ही आई. आवाजावरून नाही कळलं.

सलीमभाई म्हणाले, "बाई, पाणी घ्या ना." मी ग्लास तसाच खाली ठेवला.

मी केंद्रात सगळ्यांना सांगून टाकलं आहे. उद्या सकाळी सातला माइकपुढे मी बसणार. आधीची ताई, मधली ताई, सगळं सांगणार, त्यात माझं काय होतं तेही. शेवटी तुझी एक जुनी ध्वनिफीत वाजवायची, आणि तुझा तो ताठ आवाज नाही लावायचा, मोकळा लावायचा, असंही बजावलंय. अजून एक कबूल करते. काल ती ध्वनिफीत निवडताना मला 'कांदा' म्हणताना तुझा 'आ' पुन्हा पसरलेला वाटला. माझा कान सुधारलेला नाही. त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, एवढंच मी शिकले.

मघापासून तुझं नाव मोठ्याने म्हणून बघते आहे. शाहीन शेख, काष्टीची. चार शब्दसुद्धा नाहीत. हसत हसत सांगेन म्हणाली होतीस, आणि तू सांगितलं असतंस तर ते कसं ऐकू आलं असतं, हे आता कुणालाच कळणार नाही. उद्या ते लोकांना ऐकू येईल ते माझ्या स्वरात, आणि माझ्या स्वरांना कुणी काही म्हणणार नाही.